दोन मीटरांचे पुंडलिकजी

दोन हजार तेवीस साल होतं आणि पुंडलिकजी पंच्याहत्तर वर्षांचे होते, तेव्हा चैताच्या महिन्यात त्यांनी आपल्या एकुलत्या एक पोरापासून वेगळं निघायचं ठरवलं.

आमच्या वडनेरात वाटण्या काही नवीन नाहीत. भाऊ भावापासून निघतो, पोरगा बापापासून निघतो, दोन्हीकडच्या बाया चार महिने नळावर तोंड फिरवून पाणी भरतात आणि मग एखाद्या लग्नात बोलायला लागतात. पण बापच पोरापासून निघतो, भांडण नाही, तंटा नाही, वावर एकच, घर एकच, अन् वरून पेढे वाटतो, हे गावानं पहिल्यांदा पाहिलं. माझ्या हातावर पेढा ठेवून ते म्हणाले, "दौलत, आजपासून मी मनोहरपासून वेगळा."

मी म्हटलं, "काऊन जी? काय केलं त्यानं?"

"त्यानं काई नाई केलं. लाइटीच्या बिलानं केलं."

पुंडलिकजी आता नाहीत. मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच, त्यामुळे त्यांचं अर्धं आयुष्य मला कानानं माहीत आहे. गावातली नवीन पोरं त्यांचं नाव काढून हसतात. हसायला हरकत नाही, मीही हसलो आहे. पण ते कंजूष होते असं कोणी म्हटलं तर मी तिथून उठून जातो. कंजूष माणूस स्वतःची वस्तू वाचवतो. पुंडलिकजी साऱ्या गावाची लाइट वाचवत.

तीस वर्षं ते हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये तेलवाले होते. हातात तेलाची चोचीची डबी घेऊन मशीनच्या पोटात शिरायचं, दात्यांना आणि बेरिंगला तेल द्यायचं, बाहेर यायचं. चारी बाजूंनी सरकी आणि कापूस. एक ठिणगी पडली की सारं संपलं. तिथला नियम एकच होता, चालतं मशीन एकटं सोडायचं नाही. माणूस हलला की बटन बंद. रिटायर झाल्यावर मशीन सुटलं, नियम सुटला नाही. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांच्या अंगावर काटा यायचा, खरोखर. हात लांबवून बटन बंद करायचे आणि म्हणायचे, "बटन दाबाले बोट पुरते, बंद कराले अक्कल लागते."

अंगानं उंच, वाळलेले. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. रोज सकाळी तोंड धुतलं की चहाच्या आधी मीटरपुढं उभे राहायचे. मीटरमध्ये तो लाल दिवा लुकलुकतो ना, तो मिनिटाला किती वेळा लुकलुकतो त्यावरून घरात काय चालू आहे ते त्यांना समजायचं. "फ्रीज उठला," म्हणायचे. नाहीतर, "सुनंदानं मिक्सर लावलं." सुनंदा म्हणजे त्यांची सून, आर्वीकडची, बी. ए. शिकलेली, जिभेला धार असलेली. ती आतून म्हणायची, "मामाजी, मिक्सर नाई, मी मोबाइल चार्जिंगले लावला."

"तेच म्हणतो. भल्ला मिचकावून राह्यला हा डोया. जसा काई ओळखीचा आहे."

आपल्या घरातलं झालं की दुसऱ्याच्या घरात. माझ्या घरी ते सांगून कधी आले नाहीत. मी एकदा आरशापुढं दाढी करत होतो, अर्धा गाल झाला होता, तेवढ्यात पुंडलिकजी आले, बलब बंद केला आणि खुर्चीवर बसले. म्हटलं, "पुंडलिकजी, मी दाढी करून राह्यलो."

"तर कर ना. गाल काय कुठं जाते?"

त्या दिवशी उरलेला गाल मी अंगणात उभं राहून केला. बलब पुन्हा लावता आला असता. पण मग ते जिंकले नसते, मी हरलो असतो. दोन्हीत फरक आहे.

गावात एका तेरवीला तर त्यांनी कमालच केली. वारलेला माणूस त्यांचा मावसभाऊ. फोटोला हार, चारी बाजूंनी लाल-हिरव्या बलबांची माळ, भर दुपार, पंगत बसलेली. पुंडलिकजी ताटावरून उठले, हात न धुता गेले आणि माळेचं बटन बंद करून परत पंगतीत बसले. पोरगा म्हणाला, "काकाजी, बाबाच्या फोटोवरची लाइट काऊन बंद केली?"

"तुया बाबाले आता उजेडाचं काय काम?" पुंडलिकजी म्हणाले. "काम होतं तवा तो बिचारा कंदिलावर राह्यला."

पंगतीतले सारे खाली पाहून जेवायला लागले. मावसभावाची बायको मात्र हसली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली असं नंतर तिच्या सुनेनंच सांगितलं.

गॅसचं त्यांनी वेगळं शास्त्र काढलं होतं. सिलिंडर महाग झाला तसा त्यांनी नियम केला की कुकरच्या तीन शिट्ट्या, चौथी नाही. ते बाहेर ओट्यावर बसून शिट्ट्या मोजायचे आणि तिसरीला ओरडायचे, "बस झालं." सुनंदा बिचारी गॅस बंद करायची. एकदा आठ दिवस त्यांच्या घरी डाळ कच्ची राहायला लागली. तुरीचा दाणा दाताखाली कटकट वाजायचा. सुनंदाला वाटलं तूरच खराब. मनोहरनं दुकानातून दुसरी तूर आणली, तीही कच्ची. माझ्या बायकोनं मग एक दिवस भिंतीकडं कान दिला आणि म्हणाली, "अवो, ते आपल्या कुकरच्या शिट्ट्या मोजून राह्यले." आमच्या घरी कुकर त्यांच्या आधी लागायचा. दोन शिट्ट्या आमच्या, एक त्यांची, की झाले तीन.

मी जाऊन सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, विचार करून म्हणाले, "तुया कुकरची शिट्टी फाटलेली आहे. माह्या कुकरची सरळ आहे. मले फरक समजते."

"मंग दाय कच्ची काऊन?"

"कच्ची नाई. दाताले काम पाह्यजे म्हणून तशी ठेवली."

त्यानंतर आणखी दोन दिवस त्यांनी कच्चीच डाळ खाल्ली, तोंड वाकडं न करता. तिसऱ्या दिवसापासून ओट्यावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात बसायला लागले. पण चूक झाली असं त्यांच्या तोंडून काही निघालं नाही. त्यांचा हा गुण मला आवडायचा.

आता त्या वाटणीची गोठ. लाइटीच्या बिलाचा हिशेब असा की शंभर युनिटपर्यंत एक भाव आणि शंभर ओलांडले की दुसराच, चढा. आमच्याकडं उन्हाळ्यात कूलर लावल्याशिवाय माणूस जिवंत राहत नाही, आणि कूलर लावला की शंभर ओलांडलेच. पुंडलिकजींनी सारं करून पाहिलं. फ्रीज दिवसातून दोन तास बंद ठेवला, दूध फाटलं. टीव्हीचा आवाज कमी केला, त्यांना वाटायचं आवाजालाही युनिट लागतं. काही केल्या आकडा शंभराच्या आत येईना. तेव्हा हिंगणघाटच्या लाइट ऑफिसात कोणीतरी त्यांना सांगितलं की एका घरात दोन मीटर मिळतात, पण दोन कुटुंबं पाहिजेत. वेगळं राशनकार्ड, वेगळी चूल. मग दोन मीटर, दोघांचे शंभर-शंभर, दोन्हीकडं स्वस्त भाव.

परत येताना बसमध्येच त्यांनी पोरापासून वेगळं निघायचं ठरवलं. मनोहरला घरी आल्यावर सांगितलं.

मनोहर शेतीचं पाहतो, शांत माणूस. तो म्हणाला, "बाबा, लोक काय म्हणन?"

"लोक काय आपलं बिल भरते? कागदावर वेगळं व्हायचं. घरात जसं आहे तसं."

वाटणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून मी सही केली. अंगठा नाही, सही. कागद मी दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की पुंडलिकजी आणि त्यांची पत्नी कौसल्याबाई हे मुलापासून आपखुशीनं वेगळे निघाले असून त्यांचं खाणंपिणं वेगळं आहे. अंगणात मातीची एक चूल घातली, तीन विटा आणि पांढरी माती, वर पोतेरं फिरवलं. हीच वेगळी चूल. पुढं आठच दिवसांनी ऑफिसचा माणूस पाहायला आला तेव्हा त्यात वावरातल्या कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून ठेवल्या होत्या. धुरानं त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं डोळे पुसत कौसल्याबाईंना विचारलं, "मावशी, तुम्ही कुठं जेवता?"

कौसल्याबाई फार कमी बोलायच्या. त्या म्हणाल्या, "जिथं भाजी चांगली असन तिथं."

पुंडलिकजी घाईनं म्हणाले, "म्हणजे आमच्याच चुलीवर."

मीटर लागलं. जुन्याच्या बाजूला नवीन, दोन लाल डोळे. पुढची खोली, ओटा आणि टीव्ही पुंडलिकजींच्या मीटरवर. मधली खोली, स्वयंपाकघर, फ्रीज आणि कूलर मनोहरच्या. पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा दोन्ही कागद घेऊन ते गावभर फिरले. दोन्हीकडं शंभराच्या आत. लोकांनी त्यांना चहा पाजला.

इथं हे थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

झालं असं की त्यांना भीती बसली. ऑफिसचा माणूस अचानक पुन्हा तपासायला येईल, अंगणातली चूल थंड दिसली की मीटर काढून नेईल. म्हणून रोज चूल पेटली पाहिजे. कौसल्याबाई आधी त्यावर नुसतं आंघोळीचं पाणी तापवायच्या. मग पेटलीच आहे तर दोन भाकरी टाकायला लागल्या. मग भाकरी झालीच आहे तर पुंडलिकजी तिथंच खाट ओढून जेवायला लागले. आधी बापलेक सकाळचा चहा ओट्यावर एकत्र प्यायचे. आता बाप चुलीपाशी, पोरगा आत. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. नुसता चहा दोन ठिकाणी व्हायला लागला होता.

मग ऊन तापलं. वैशाखाचं ऊन, डोक्यावर ओला दुपट्टा घेतल्याशिवाय नळावर जाता येत नाही असं. मधल्या खोलीत कूलर चालू, आणि पुंडलिकजी पुढच्या खोलीत पंख्याखाली घामानं भिजलेले. सुनंदा म्हणाली, "मामाजी, आत येऊन झोपा."

"तो मनोहरचा कूलर आहे."

"मनोहर तुमचाच आहे ना?"

"मनोहर माहा आहे. कूलर त्याच्या मीटरचा आहे. तपासायले आला अन् मी कूलरपुढं दिसलो तर?"

सुनंदानं चाकाचा कूलर ओढून मधल्या दारात आणला आणि तोंड सासऱ्याकडं केलं. त्यांनी खाट सरकवली. तिनं कूलर पुढं ढकलला. त्यांनी खाट ओट्यावर नेली. तिनं कूलरची वायर मोठी केली. चार दिवस हे चाललं, मी भिंतीवरून पाहत होतो, आणि पाचव्या दिवशी पुंडलिकजींची खाट गोठ्यात गायीच्या बाजूला पोचली. सुनंदा गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "मामाजी, गाय कोणाच्या मीटरवर आहे?"

"गायीले लाइट लागत नाई," पुंडलिकजी म्हणाले. "म्हणून तर तिच्यापाशी आलो."

मी तेव्हा हसलो. घरी येऊन बायकोला सांगून पुन्हा हसलो. पण हे कागदावरचं वेगळं निघणं हळूहळू घरात शिरत होतं, हे आधी तिच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, "एक दिवस हे लोक खरंच वेगळे होऊन जाईन, अन् त्याईले समजणारपण नाई."

गावाचा त्यात हात होताच. आमच्या गावात माणूस मोजत नाहीत, चूल मोजतात. लग्नाची पत्रिका चुलीमागं एक. मारुतीच्या भंडाऱ्याला गहू चुलीमागं एक पायली. गणपतीची वर्गणी, नळाची पट्टी, सारं चुलीमागं. त्या उन्हाळ्यात गावात लग्नं निघाली आणि पुंडलिकजींच्या घरी प्रत्येक लग्नाच्या दोन पत्रिका यायला लागल्या. दोन पत्रिका म्हणजे दोन आहेर. भंडाऱ्याला दोन पायल्या गेल्या. लाइटीत जे वाचलं ते गावानं दुसऱ्या हातानं काढून घेतलं. आणि पुंडलिकजींना बोलता येईना. ते खोटं आहे म्हणावं तर बोललेलं हिंगणघाटपर्यंत पोचतं. मी एकदा विचारलं, "पुंडलिकजी, फायद्यात आहे ना?" तर म्हणाले, "चूल वेगळी म्हटली की मान वेगळा येते. मानाचा खर्च लाइटीत कायले धरतो?"

पण एक गोठ त्यांना लागली. दरवर्षी मृगाच्या आधी बापलेक ओट्यावर बसायचे, कोणत्या तुकड्यात कापूस घ्यायचा, कुठं सोयाबीन, कुठं तूर, तासभर वाद घालायचे. त्या वर्षी मनोहर बोलायलाच आला नाही. बियाणं घेऊन आला, पेरून मोकळा झाला. पुंडलिकजींना हे बियाण्याच्या दुकानदाराकडून समजलं. ते माझ्या घरी आले, पंखा चालू होता, त्यांनी बंद केला नाही. खुर्चीवर बसून म्हणाले, "नाल्याकडच्या तुकड्यात सोयाबीन टाकली त्यानं. तिथं पाणी साचते."

"सांगा ना मंग त्याले."

"तो विचारन तर सांगीन. वेगळ्या माणसाले आपण होऊन कसं सांगायचं?"

मनोहरला मी नंतर विचारलं, तर तो म्हणाला, "काकाजी, बाबा वेगळे निघाले. आता त्याईले वावराचा ताप कायले द्यायचा?" तो टोमणा नव्हता. तो खरंच तसं समजून बसला होता.

अशात भादवा आला. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात, तीन पिढ्यांपासून. लोखंडी पेटीत पितळेचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पहिल्या दिवशी बसवायच्या, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील आणि पुरणाचं जेवण, अर्धं गाव जेवायला. मधल्या खोलीत मांडणी, तिच्यावर बलबांच्या माळा. आता मधली खोली मनोहरच्या मीटरवर. बसवायच्या आदल्या दिवशी पुंडलिकजी टेस्टर काढून आत गेले आणि वायरी मोजायला लागले. कौसल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"असं करू," पुंडलिकजी म्हणाले, "ज्येष्ठेचा बलब माह्या मीटरवर घेऊ, कनिष्ठेचा मनोहरच्या. हिसाब बरोबर."

कौसल्याबाई म्हणाल्या, "मी यंदा मुखवटे काढत नाई."

"काऊन?"

"माह्या सासूनं सांगतलं होतं. एका छपराखाली दोन चुली पेटल्या तर महालक्ष्म्या बसत नाई."

"अवो, ते कागदावरचं आहे. देवी काई कागद वाचत नाई."

"तुमी वाचता ना," कौसल्याबाई म्हणाल्या. "उन्हायाभर पोराच्या कूलरपुढं बसले नाई. गायीपाशी झोपले, पण आत आले नाई. पेरणीच्या वक्ताले त्यानं विचारलं नाई, तुमी सांगतलं नाई. मी दोन चुलीत ये-जा करून राह्यली. खोटं आहे तर सांगा खोटं आहे, अन् आजपासून सुनंदाच्या हातचं जेवा. खरं आहे तर पेटी उघडत नाई."

एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही भिंतीमुळे ऐकलं. मग पुंडलिकजी माझ्या दारात आले.

"दौलत, वाटणीवर तू सही केली होती."

"केली."

"मंग माह्या घरी येऊन सांग तिले. म्हणावं, ते नुसतं मीटरसाठी होतं. साक्षीदाराचं मानन ती."

आता मी काय सांगू. त्यांचं काम एका वाक्यात झालं असतं. पण मी म्हटलं, "मी नाई सांगत. मी कागद दोनदा वाचून सही केली. खोट्या कागदावर मी सही करत नाई."

"म्हणजे मी पोरापासून खरंच वेगळा आहो?"

"ते मले काऊन विचारता? जेवते कोण, कुठं, ते तुमाले मालूम."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं. दोघंही हटलो नाही. मग ते पाठ फिरवून गेले. माझ्या बायकोनं मला आतून दोन शब्द सुनावले, ते इथं लिहीत नाही. मी आजही म्हणतो की मी बरोबर होतो. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे महालक्ष्म्या बसवायच्या दिवशी, दुपारी भिंतीपलीकडून कुदळीचा आवाज आला. मी स्टुलावर चढून पाहिलं. पुंडलिकजी अंगणातली चूल फोडत होते. माती वाळून दगड झाली होती, कुदळ उडत होती, आणि त्यांच्या पंच्याहत्तर वर्षांच्या कमरेला ते काम जमत नव्हतं. सुनंदा पदर खोचून दारात उभी.

"मामाजी, आंघोळीचं पाणी?"

"थंड्यानं करीन."

"अन् तपासायले आला तर?"

"मीच जाऊन सांगीन त्याले."

तिला पुढचा टोमणा सुचला होता, तोंडावर आला होता, मला दिसला. पण तिनं तो गिळला आणि आत जाऊन घमेलं घेऊन आली. तेवढ्यात मनोहर वावरातून आला. त्यानं चुलीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि बापाच्या हातातली कुदळ काढून घेतली.

"सरका बाबा. कमरेत भरन."

पुंडलिकजी बाजूला सरले. मनोहर खणत होता, सुनंदा घमेल्यात माती भरत होती. खाली विटा निघाल्या तेव्हा पुंडलिकजी हळूच म्हणाले, "नाल्याकडच्या तुकड्यात पाणी साचलं असन."

"साचलं," मनोहर म्हणाला. "चर काढून घ्या लागते. कुठून काढू ते सांगा."

"वरच्या धुऱ्याकडून, बांधाच्या कडेनं. मी येतो दाखवाले."

घरातून लोखंडी पेटीची कडी वाजली. कौसल्याबाईंनी मुखवटे बाहेर काढले होते. संध्याकाळी आम्ही सारे दर्शनाला गेलो. दोन्ही माळा एकाच पिनेवर होत्या, पुंडलिकजी कूलरच्या पुढ्यात पाटावर बसले होते, आणि माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, ते धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "चाल हिंगणघाटले. वेगळं होतानी साक्षीदार होता, आता एक होतानी येत का नाई तू?" मी चपला घातल्या. बसमध्ये आम्ही एका बाकावर बसलो.

ऑफिसच्या खिडकीत एक मॅडम होत्या, नातीच्या वयाच्या. पुंडलिकजींनी सांगितलं की दुसरं मीटर काढून घ्या, आम्ही एक झालो. मॅडमनं कागद उलटेपालटे केले. म्हणाल्या, "आजोबा, वेगळं होण्याचा फारम आहे. एक होण्याचा नाही. मीटर काढण्याचा हा फारम घ्या अन् कारणापुढं खूण करा."

कारणं छापलेली होती. घर विकलं. गाव सोडलं. ग्राहक मयत. पुंडलिकजींनी बोट ठेवून एकेक वाचलं. "घर विकलं नाई," म्हणाले. "गाव सोडत नाई." तिसऱ्यापाशी बोट थोडा वेळ थांबलं. "याले अजून टाइम आहे."

खाली एक रिकामी ओळ होती. त्यांनी मॅडमकडून पेन घेतलं आणि तिथं मोठ्या, जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलं, चूल एक झाली. मॅडमनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यावर शिक्का मारला. मग म्हणाल्या, "आता सारं एकाच मीटरवर येईन, आजोबा. बिल पहिल्यासारखंच चढून येईन. समजून करून राह्यले ना?"

"समजून."

"जड जाईन मग."

"येऊ दे बाप्पा," पुंडलिकजी म्हणाले. "पावती दे लवकर. घरी सोळा भाज्या झाल्या असन, अन् मी गेल्याबिगर पोरगा पाटावर बसत नाई."

पावती घडी करून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि माझ्यासाठी न थांबता बसस्टँडकडं चालायला लागले.